मुकुंदरावांच्या हाताखालची भिंत

१

ही हकीकत मला वैदेही सेलूकर यांनी रविवार, १७ नोव्हेंबर २०२४ रोजी, दुपारी साडेतीन ते सहाच्या दरम्यान, औरंगपुऱ्यातील त्यांच्या मावशीच्या घरी सांगितली. पुढच्याच आठवड्यात मी बिडकीनला जाऊन बद्रीनाथ मिस्त्री यांनाही भेटलो. दोघांच्या सांगण्यात जिथे फरक पडला, तिथे मी वैदेहींचे म्हणणे धरले आहे; मोजून बोलण्याची सवय त्यांना अधिक आहे.

वैदेही शेंद्र्याच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ती आणि तिचे वडील मुकुंदराव, असे दोघेच राहत. मुकुंदराव पाटबंधारे खात्यातून लिपिक म्हणून निवृत्त झालेले. काचबिंदूने त्यांची दृष्टी अकरा वर्षांपूर्वी पूर्ण गेली. त्यांच्या खोलीच्या दारापासून एक भिंत निघते, बोळातून सरळ स्वयंपाकघरात शिरते आणि ओट्यापाशी संपते. ती इमारतीची बाहेरची भिंत. तिच्या पलीकडे पावसाच्या पाण्याचा एक पाइप आहे आणि बाकी मोकळी हवा.

या भिंतीवर आधीच्या मालकाने टेक्श्चर करून घेतले होते. पांढऱ्या सिमेंटचा जाड थर, तो ओला असताना दातेरी पात्याने ओढलेल्या लाटा आणि लाटांवर उभे राहिलेले टोकदार दाणे. दिवाणखान्यात ते शोभले असते. स्वयंपाकघरात मात्र फोडणीचे तेल त्या लाटांत बसून काळे पडे आणि घासायला जावे तर हातच सोलून निघे. तरीही मुकुंदरावांना ती भिंत प्रिय होती. डावा तळवा तिच्यावर टेकवून ते ओट्यापर्यंत जात आणि उजवा टेकवून परत येत. इतक्या वर्षांच्या येण्याजाण्याने कमरेच्या थोडा वर, चार बोटे रुंदीचा एक पट्टा झिजून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. खोलीपासून ओट्यापर्यंत तो कुठेही तुटत नव्हता.

ऑगस्टमध्ये एके दिवशी त्यांचा तोल गेला आणि हात पट्टा सोडून वरच्या दाण्यांवरून घासत खाली आला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी निघाली. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असल्याने ते थांबेना. वैदेही संध्याकाळी घरी आली तेव्हा ते ओट्याखाली बसले होते. हाताला गुंडाळलेला पंचा पूर्ण भिजला होता.

त्याच दिवशी पुण्याहून धाकट्या भावाचा, हिमांशूचा फोन आला.

"ताई, आता पुरे. बाबांना मी घेऊन जातो. इथं मेघा दिवसभर घरी असते." मेघा म्हणजे त्याची बायको.

"दिवाळीपर्यंत थांब. ती भिंत मी सपाट करून घेते, धरायला दांडा बसवते. भाऊबिजेला येशील तेव्हा त्यांना चालताना बघ. तुझं समाधान नाही झालं तर ने."

"मलाही विचारा कुणीतरी," मुकुंदराव आतून म्हणाले. "मी काही बोहारणीला द्यायचं जुनं धोतर नाही. मी इथून हलणार नाही."

२

वैदेहीने उतावळेपणा केला नाही. जुन्या टेक्श्चरमध्ये कधीकधी फुप्फुसांना घातक तंतू मिसळलेले असतात, असे तिने वाचले होते. म्हणून भिंत ओली करून तिने तीन ठिकाणचे नमुने काढले, पिशव्यांवर जागा आणि तारीख लिहिली आणि तपासणीला पाठवले. अहवालात पांढरे सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि डिंकासारखे काहीतरी निघाले, तंतू नव्हते. तेव्हा कुठे तिने मिस्त्री बोलावला.

बद्रीनाथ मिस्त्री पन्नाशीचे, मिशी राखलेले, कामाआधी भिंतीला हात जोडणारे. सोबत मलबा भरायला दगडाबाई होती, वयाने त्यांच्याहून मोठी आणि कानाने पक्की बहिरी.

"ताई, माझं ऐकशाल तर खरवडू नका," ते म्हणाले. "वरून पुट्टीचे दोन हात मारू, लेव्हल करू, त्याच्यावर फरशी. लई कडक माल हाय ह्यो."

"आतून सुटलेला असला तर? फरशीचं वजन पेलेल?"

"ते बी खरं हाय. ठोकून बघू मग. सुटलेली भिंत लपत नसती, ती पोकळ बोलती."

सोमवारी, सात ऑक्टोबरला, सकाळी त्यांनी हातोडीच्या लाकडी दांड्याने भिंत ठोकायला सुरुवात केली. भरीव भिंतीचा आवाज बुटका असतो, उठल्या जागी मरतो; गिलाव्यापासून थर सुटलेला असेल तर रिकाम्या डब्यासारखा नाद येतो. ओट्याजवळ, झिजलेल्या पट्ट्यावर, एका जागी तसा नाद आला. जागा पोळपाटाएवढी होती. वैदेहीने कडेने पेन्सिलीची रेघ फिरवली आणि आत तारीख घातली. मुकुंदराव तेव्हा तिथेच, भिंतीला हात लावून उभे राहून चहा पीत होते.

"बाकी सगळी ठणठणीत," बद्रीनाथ म्हणाले. "एवढ्याच एका जागी पोकळ वाजायलंय. उद्या पाणी मारतो, परवा काढतो."

३

मंगळवारी पाणी मारण्याआधी त्यांनी सहज पुन्हा ठोकले आणि थांबले.

"ताई, ही रेघ तुम्हीच मारली ना?"

"हो. का?"

"हे भरीव वाजायलंय."

त्यांनी रेघेच्या आत चार वेळा ठोकले. चारही आवाज बुटके. मग ते डावीकडे सरकत गेले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, पट्ट्यावरच, तोच डब्याचा नाद आला. तिथून हातभर अंतरावर, बोळात, मुकुंदराव भिंतीशी उभे होते. दार मोकळे होण्याची वाट पाहत होते.

वैदेहीने दुसरी रेघ मारली. तिच्या मनात भुताखेताचा विचार आला नाही. आला तो मापनातल्या चुकीचा. काल सकाळी भिंत थंड होती, आज ऊन चढले आहे. काल दांडा कोरडा होता. माणसाचा कान रोज सारखा नसतो. कारणे पुरेशी होती आणि त्यांतले प्रत्येक तिला पटण्याजोगे वाटत होते. फक्त एक गोष्ट तिला टोचत राहिली. सुटलेला थर उन्हाने आणखी सुटेल. पुन्हा चिकटणार कसा?

तिने बद्रीनाथांना विचारले, "असं पूर्वी कधी पाहिलंत?"

"पोकळ जागा वाढलेली पाहिली. सरकलेली नाय पाहिली."

दगडाबाई रिकामी घमेली घेऊन केव्हाची ताटकळत होती. "भिंतीला दवाखान्यात घालायलाव का काय?" ती म्हणाली. "दोन दिस झाले, नुसती नाडी बघू ऱ्हायले."

४

कारखान्यात एखाद्या मापाविषयी शंका आली की तोच नग तीन माणसांकडून मोजून घेतात, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला सांगत नाहीत. तिघांचे जुळले तर दोष नगात. नाही जुळले तर मोजण्यात. वैदेहीने बुधवारी रजा घेतली आणि तीच रीत घरी लावायचे ठरवले. भिंतीवर खडूने, पट्ट्याच्या उंचीवर, एक ते बारा आकडे घातले. पहिल्यांदा बद्रीनाथ ठोकतील, मग ती. तिसरे माणूस हवे होते आणि दगडाबाईच्या कानांचा भरवसा नव्हता.

"बाबा, तुम्ही ठोकाल?" तिने विचारले. "तुमच्याइतका तयार कान कुणाचा आहे?"

ते मी का विचारले, असे वैदेहींनी मला सांगताना तीन वेळा म्हटले.

बद्रीनाथांनी बाराही जागा ठोकल्या आणि कागदावर फुल्या केल्या. त्यांच्या कागदावर फक्त बारावी जागा पोकळ होती. बारावी म्हणजे मुकुंदरावांच्या खोलीचे दार. ते तिथे चौकटीशेजारी भिंतीला टेकून आपली पाळी येण्याची वाट पाहत होते. वैदेहीनेही ठोकले. तिच्याही कागदावर बारावीच. तिला हायसे वाटले. दोघांचे जुळले होते.

मग मुकुंदराव पुढे आले. त्यांनी दांडा घेतला नाही. डावा तळवा पट्ट्यावर ठेवला आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने त्याच्या शेजारी ठोकले. पोकळ. एक पाऊल पुढे. पोकळ. अकरा, दहा, नऊ. वैदेही मागोमाग चालत होती आणि प्रत्येक जागी रिकाम्या डब्याचा तोच नाद ऐकत होती. त्यांनी सोडलेल्या जागेवर तिने लगेच दांडा आपटून पाहिला. भरीव. ते आठवर, पोकळ. ती नऊवर, भरीव. ओट्यापर्यंत असेच झाले. बद्रीनाथांनी हातातला कागद हळूच घडी करून खिशात घातला.

"झालं का तुमचं समाधान?" मुकुंदरावांनी विचारले. "माझ्या हाताखाली ती रोजच अशी वाजते."

"रोज म्हणजे कधीपासून?"

"चार-पाच वर्षं झाली असतील. मी चालायला लागलो की पलीकडून कुणीतरी तळवा फिरवत सोबत येतं. मी थांबलो की थांबतं. त्रास काही नाही."

"बाबा, पलीकडे काही नाही. तिसरा मजला आहे आपला."

"ठाऊक आहे मला. डोळे होते तेव्हा पाहिलंय."

"मग बोलला का नाहीत?"

मुकुंदरावांनी तोंड तिच्याकडे वळवले. "बोललो असतो तर तुम्ही दोघांनी मला त्याच दिवशी पुण्याला नेलं असतं," ते म्हणाले. "डॉक्टरकडे आधी, आणि मग पुण्याला."

ते खरे होते. वैदेहीने चाचरत विचारले, "आई...?"

"छे. तुझी आई या घरात एक दिवस राहिली नाही. आणि तिचं चालणं मला ठाऊक नाही होय? ती धावायची. हे सावकाश चालतं. वाट बघत बघत."

५

इथे थांबता आले असते, असे बद्रीनाथांचे मत आहे. "म्या ताईला म्हणलं, पुट्टी मारून मोकळं होऊ. झाकलेलं बरं." पण वैदेही तशीच राहू शकत नव्हती. भाऊबीज पंचवीस दिवसांवर आली होती, भिंत अर्धी ओली होती, आणि वडिलांना भास होतात असे हिमांशूला कळले असते तर बोलणेच खुंटले असते. भासाला भास म्हणण्यासाठी तिला थराच्या मागची बाजू पाहायची होती. मागे ओल असेल, मुंग्यांचे घर असेल, उन्हाने फुगणारा एखादा पोकळ पापुद्रा असेल. जे असेल ते दिसेल आणि विषय संपेल.

अडचण एकच होती. पोकळ जागा धरून ठेवायची तर मुकुंदरावांनी हात लावून उभे राहणे भाग होते.

गुरुवारी सकाळी दहा वाजता ते ओट्याजवळ उभे राहिले, तळवा पट्ट्यावर टेकवून. बद्रीनाथांनी त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर छिन्नी लावली. तिसऱ्या घावाला थर सुटला. तुकडे झाले नाहीत. ताटाएवढी अखंड लादी बद्रीनाथांच्या हातात आली. त्यांनी ती उलटी केली.

थराची मागची बाजू कशी असते, हे बद्रीनाथांनी मला बिडकीनला त्यांच्या अंगणात एक जुना तुकडा दाखवून समजावले. ती खरबरीत असते. गिलाव्याच्या खुणा तिच्यात रुतलेल्या असतात, वाळूचे कण चिकटलेले असतात. या लादीची मागची बाजू तशीच होती. फक्त मधून, आडवा, चार बोटे रुंदीचा एक पट्टा गेला होता. गुळगुळीत, किंचित करडा, नेहमी हात लागून लागून चढते तशी तेलकट झाक असलेला. पुढच्या पट्ट्याशी ताडून पाहता तो सुमारे तीन सेंटिमीटर खाली होता.

वैदेहीने उघड्या गिलाव्याकडे पाहिले. लादी क्षणभर परत जागेवर धरून गिलावा आणि थर यांच्यातली फट तिने मोजली. पोस्टकार्ड सरकले असते एवढीच होती. हात नव्हे, बोटही नव्हे.

ती मान वर करून काही बोलणार, इतक्यात तिचे लक्ष वडिलांकडे गेले. भिंतीचा तो भाग आता उघडा पडला होता आणि त्यांचा तळवा तिच्यावर नव्हता. तो हवेत होता, भिंतीपासून वीतभर अलीकडे, त्याच उंचीवर. बोटे हळूहळू आत मिटत होती. आपण कुणाचा हात घेतो तेव्हा ती मिटतात तितकीच मिटली आणि तिथे थांबली.

"असू दे आता," मुकुंदराव शांतपणे म्हणाले. "उरलेलं काढून टाका. काही हरकत नाही."

दगडाबाईने पाण्याचा तांब्या आणला. तिने काहीही ऐकले नव्हते, पण तिची नजर चांगली होती. स्वयंपाकघरात येताना ती मुकुंदरावांच्या आणि भिंतीच्या मधल्या मोकळ्या जागेतून आली नाही. ओट्याला वळसा घालून आली.

६

उरलेला थर दोन दिवसांत निघाला. तो सगळा भरीव होता आणि त्याची मागची बाजू जशी असायला हवी तशीच होती. नवा गिलावा झाला, पांढरी फरशी बसली, बोळातून ओट्यापर्यंत स्टीलचा दांडा लागला. काम नेटके झाले. स्टीलवर बोट लागले तरी ठसा उमटतो. वैदेही रोज कामावरून आली की दांडा उजेडात निरखून पाही. ठसा नसे.

मुकुंदराव आता दांड्यालाही धरत नव्हते आणि भिंतीलाही. बोळातून ते मधोमध चालत, पूर्वीपेक्षा ताठ, न अडखळता. कोपरे त्यांना आधीच कळत. डावा हात किंचित बाजूला धरलेला असे. वैदेहीने एकदा जमिनीवरच्या फरशीचे चौकोन मोजले. ते नेहमी भिंतीपासून दोन चौकोन सोडून चालत. दोन चौकोन म्हणजे दोन फूट. एका माणसाला तेवढी जागा पुरते.

तीन नोव्हेंबरला भाऊबीज होती. ओवाळून झाल्यावर हिमांशूने वडिलांना खोलीपासून ओट्यापर्यंत चालून दाखवायला सांगितले. मुकुंदराव गेले, पेला भरला, परत आले. पाण्याचा थेंब सांडला नाही. स्वयंपाकघराच्या दारात मात्र ते क्षणभर बाजूला झाले, आधी दुसऱ्याला जाऊ द्यावे तसे, आणि मग आत शिरले.

"कमाल आहे," हिमांशू म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. "ताई, तू जिंकलीस. बाबांना इथंच राहू दे. माझं काही म्हणणं नाही."

दोन महिने तिने याच वाक्यासाठी धडपड केली होती. तिने दांड्याकडे पाहिले. त्यावर आजही एकही ठसा नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "तू घेऊन जा."

"अगं, पण आत्ताच तर..."

"दिवसभर एकटे असतात ते. मला कामात लक्ष लागत नाही. ने त्यांना, हिमांशू. उद्याच ने."

आपले वडील भांडतील, हे ती धरून चालली होती. मी सामान नाही, असे म्हणतील; दोन दिवस जेवणार नाहीत; आणि त्या भांडणात कदाचित तीच हरेल. मुकुंदरावांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं. कपडे कोणते घेऊ?"

७

नऊ तारखेला वैदेहीने बद्रीनाथांना बोलावले. काय करायचे ते फोनवर सांगितले नाही. ते आले तेव्हा घर नीट आवरलेले होते आणि मुकुंदरावांच्या खोलीचे दार उघडे होते.

"ही भिंत मला ठोकून द्या," ती म्हणाली. "वरपासून खालपर्यंत. एक फरशी सोडू नका."

बद्रीनाथांनी तासभर ठोकले. ती जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकत होती. बुटका आवाज, पुन्हा बुटका आवाज. ओट्यापाशी ते खाली वाकले, स्टुलावर चढले, दाराच्या चौकटीपर्यंत गेले, बोळ संपवून खोलीच्या दाराशी पोचले.

"सगळी भरीव हाय, ताई," हात पुसत ते म्हणाले. चांगली बातमी देतो आहोत, असेच त्यांना वाटत होते. "एक जागा पोकळ नाय. आता इथं काय बी नाय."

वैदेहीने मान हलवली. मग फोन उचलून हिमांशूचा नंबर काढला आणि बराच वेळ नुसती त्याच्याकडे बघत बसली. काय विचारायचे, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिने फोन पालथा ठेवला.

"च्या ठेवू का, ताई?" बद्रीनाथांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता ते स्वतःच ओट्याकडे गेले.

८

यातले बरेचसे मी पडताळून पाहिले आहे. पेन्सिलीच्या रेघांचे फोटो तारखांसह वैदेहींच्या फोनमध्ये आहेत. लादीच्या मागच्या पट्ट्याचे वर्णन बद्रीनाथांनी, मी काही सुचवण्याआधीच, जवळजवळ त्याच शब्दांत केले. हिमांशूंशी मी दोनदा फोनवर बोललो. वडील मजेत आहेत, चौथ्या मजल्यावर स्वतःचे स्वतः फिरतात, पुण्याची हवा त्यांना मानवली, असे ते म्हणाले.

पडताळता आली नाही ती एकच गोष्ट. चार नोव्हेंबरच्या सकाळी, वैदेही सांगतात, मुकुंदराव गाडीच्या मागच्या सीटवर बसले आणि दारापासून आत, पार पलीकडच्या खिडकीपर्यंत सरकले. वैदेही दार लावू लागल्या तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवले. एखाद्याला आत येऊन, कपडे सावरून बसायला जेवढा वेळ लागतो, तेवढे ते थांबले. मग म्हणाले, "हं, लाव आता."

हिमांशूंना यातले काही आठवत नाही. आपण समोर बघत होतो, असे ते म्हणतात. बाबांनी बॅगेसाठी जागा केली असेल. बॅग डिक्कीत होती, हेही त्यांनीच मला सांगितले.